रथसप्तमीचं दूध आणि मेनस्विच

मी आजवर आयुष्यात एकदाच सूर्य बंद पाडला आहे. रविवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते, आभाळात औषधालाही ढग नव्हता आणि समोर सोळा बायका नटूनथटून हळदीकुंकवाला बसल्या होत्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कोणी "बाई, शिकलेल्या आहात ना?" असं विचारायला नको. शिकलेली आहे. बी.एस्सी., बी.एड.! तेच तर नडलं. न शिकलेलं माणूस निदान कोणाला विचारतं तरी.

आमचं गाव मंगरूळपीरच्या अलीकडं. आमचे हे भाजीपाला पिकवतात आणि पहाटेच वांगी-मेथी घेऊन बाजार गाठतात. मी शाळेत जाते. आणि घर चालवतात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. दर रथसप्तमीला आत्याबाई अंगणात तुळशीसमोर गोवऱ्या पेटवून त्यावर छोट्या गंजात, म्हणजे पातेल्यात, दूध ठेवतात आणि ते उगवतीकडं तोंड करून उतू घालतात. दूध उतू जाईपर्यंत पोटात पाण्याचा थेंब नाही. लग्न होऊन आल्यापासून हे त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही. एका वर्षी ताप एकशेतीनवर होता, तरी गोधडी पांघरून फुंकर घालत बसल्या होत्या.

त्या वर्षी मात्र संक्रांतीच्या आधी वाशीमला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बजावलं, "आजी, धूर नाही, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही." काळा चष्मा आत्याबाईंना आवडला. बाकीचं नाही, आणि रथसप्तमी जवळ आली तसं त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं.

"आत्याबाई, यंदा गॅसवर घालू की उतू," मी म्हटलं.

"गॅस काय सूर्याचा हाय?"

"मग मी पेटवते गोवऱ्या. तुम्ही लांब खुर्चीवर बसा."

"तू?" त्यांनी चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. "तुले अगरबत्ती पेटवाले तीन काड्या लागते. राहू दे वं वंदना. माह्या हातानं नाई झालं तं झालं असं म्हनता येत नाई. डोये गेले, आता दूधई गेलं."

या बाईनं मला नोकरीला पाठवलं, माझी दोन पोरं सांभाळली, आणि तिला हवं काय, तर वर्षातून एकदा वाटीभर दूध सांडायला!

नेमका त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ मुन्ना पुण्याहून आला. त्याच्या जुन्या घराच्या गॅलरीत एक सोलर पॅनेल होतं. उचलून कुठंही ठेवता येईल असं. नव्या घराच्या गॅलरीत ऊनच येत नव्हतं, म्हणून त्यानं ते गाडीच्या टपावर बांधून मला आणून दिलं.

"ताई, एकदम सोपं आहे. हे उन्हात उभं करायचं आणि मागच्या डब्याची वायर घरातल्या प्लगमध्ये खोचायची. बास."

"प्लगमध्ये? उलटी?"

"उलटी. ते घराला वीज देतं. आणि हे पुस्तक वाच बरं का."

"मला सांगतोस? सौरऊर्जेचा धडा मी पाठ म्हणून दाखवते!"

प्लगमधून वीज घ्यायची असते, एवढं मला आजवर ठाऊक होतं. प्लगला वीज द्यायची हे म्हणजे तोटीतून उलटी टाकी भरण्यासारखं झालं. पण अंगणात पॅनेल टेकवलं, ओसरीवरच्या प्लगमध्ये पीन खोचली, आणि तिथं लावलेल्या इवल्याशा मीटरवर आकडा उमटला. तीनशे दहा वॅट! आवाज नाही, धूर नाही, काही जळत नाही. नुसतं ऊन पडलंय आणि घरात वीज येतेय. इतकी वर्षं फळ्यावर सूर्य काढून बाण दाखवत आले मी, पण खरं सांगते, त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

आत्याबाई भिंत धरत आल्या. त्यांनी पॅनेलवर हात आडवा धरला. आकडा उतरला. हात काढला, चढला. पुन्हा धरला, पुन्हा उतरला.

"अवं माय! हात आडवा केला तं त्याले समजते वं!"

त्यांनी आधी पॅनेलला हात जोडले, मग वर सूर्याला, आणि मग (कोणी दुखवायला नको म्हणून) प्लगलाही. आणि हळूच मला विचारलं, "याच्यावर दूध होईन काय?"

इथं मी 'बघू' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "होईन काय? आत्याबाई, निव्वळ सूर्याच्या आचेवर होईल! मधे ना गोवरी, ना गॅस. असं दूध गावात कोणी उतू घातलं नसेल!"

लगेच विजेच्या शेगडीवर प्रयोगही केला. दूध भराभर उकळलं. शेगडी हजार वॅटची आणि पॅनेलमधून येतात तीनशे, मग वरचे सातशे कोण देतंय, हा हिशेब माझ्या सहावीच्या पोरींनी बोटांवर केला असता. माझ्या डोक्यात तो आलाच नाही. आत्याबाईंनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या आणि गल्लीभर सांगून आल्या, "यंदा आमच्या इथं सूर्यनारायन सोता दूध तापवनार हाय!"

त्यामुळं सोळा बायका.

रथसप्तमीच्या सकाळी सगळी मांडामांड करून मी आंघोळीला गेले. येऊन पाहते तर पॅनेल गायब! नीट पाहिलं तेव्हा कळलं, ते जागेवरच होतं, पण पूजेखाली होतं. हळद कालवून त्यावर अख्खा रथ काढलेला. मधोमध गेरूचा सूर्य, त्याला झुपकेदार मिशा. पाच घोडे काचेवर मावले होते आणि उरलेले दोन चौकटीवरून भिंतीवर निघाले होते. वरून झेंडूची माळ. हे सगळं पंचफुलाबाईंचं काम. गल्लीत कोणाचंही कार्य असो, चूक काढायचा मान त्यांचा. मीटरवर आकडा होता अकरा.

"आत्याबाई, पुसावं लागेल हे! यानं सावली पडते!"

"सूर्याच्या फोटूची सूर्यावर सावली?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "कोन्या पुस्तकात हाय हे?"

"पुजलेला देव पुसते काय वं कोनी?" आत्याबाईंनाही पटेना.

शेवटी तोडगा निघाला. घोड्यांनी समोरच्या पाटावर मुक्काम हलवायचा आणि पॅनेलला फक्त चौकटीवर कुंकू. मी ओल्या फडक्यानं एकेक घोडा पुसत होते आणि मागं सोळा बायका 'च्च, च्च' करत होत्या. आकडा एकशेचाळीसवर आला.

"अन् मॅडम, याचं तोंड कुठं केलं तुमी?" पंचफुलाबाई.

"दक्षिणेला. कसं आहे, पृथ्वीचा आस कललेला असतो, त्यामुळं—"

"दक्षिणेले! अवो माय वो! यमाकडं तोंड करून दूध उतू घालते काय कोनी?"

मी पृथ्वीचा आस समजावून सांगेपर्यंत चौघींनी पॅनेल उचललं आणि सरळ उगवतीकडं फिरवून ठेवलं. मीटरवर आकडा टणकन दोनशेवीस! सकाळचं ऊन तिकडूनच येणार की! मी पृथ्वीचा आस तिथंच सोडून दिला.

"पाहा, आवडलं त्याले," पंचफुलाबाईंनी जाहीर केलं.

शेगडी लाल झाली. आत्याबाई हिरवं लुगडं नेसून, काळा चष्मा लावून, खुर्चीत ताठ बसल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं गंज शेगडीवर ठेवला, दुधात तांदळाचे चार दाणे टाकले आणि हात जोडले. मी त्यांच्याकडं पाहत राहिले. पंधरा दिवसांत त्या अशा हसल्या नव्हत्या. दुधावर पहिली वाफ आली, आणि पंचफुलाबाईंनी तोंड उघडलं.

"मॅडम, एक इचारू? या प्लगात तं सरकारी लाईनई येते न? मंग दूध नेमकं कोन तापवून राह्यलं?"

आत्याबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले.

"वंदना, खरं सांग. सरकारी हाय का सूर्याचं?"

साधी बाई असती तर 'दोन्ही मिळून आहे आत्याबाई' म्हणाली असती. पण मी पडले शिक्षिका. वर्गात कोणी शंका काढली की मी नुसतं सांगत नाही, प्रयोग करून दाखवते.

"थांबा!" मी पदर खोचला. "आत्ता दाखवते. मी सरकारी लाईनच बंद करते. मग तर पटेल?"

आणि ओसरीवर जाऊन, सगळ्यांकडं तोंड करून, मी मेनस्विच खाली ओढला. खटक्!

"पाहा! आता या घरात सरकारी विजेचा थेंबसुद्धा नाही!"

खरंच नव्हता. कुठल्याच विजेचा नव्हता. फ्रीज हुंदका देऊन थांबला. मीटरवरचा आकडा गेला. शेगडीची तार लालची तांबूस झाली, तांबूसची काळी. मी मान वर करून पाहिलं. सूर्य जागेवर होता.

"बाप्पा! मॅडमनं सूर्य बंद केला!" कोणीतरी मागून ओरडलं.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! एक म्हणे ढग आला असेल. दुसरी म्हणे गिऱ्हान लागलं. पंचफुलाबाई तर उठूनच उभ्या राहिल्या, "घोडे पुसले तवाच मी समजली! घोड्याबिगर रथ चालन काय?" मी पीन काढून पुन्हा खोचली, डबा हलवला, पॅनेल पदरानं पुसलं, शेवटी त्याला फुंकरही मारली. (विज्ञानात फुंकर कुठं बसते, विचारू नका.) काही नाही. दुधावर साय धरायला लागली. आणि चढवलेलं दूध उतू गेल्याबिगर खाली उतरवायचं नसतं.

इकडं आत्याबाई पहाटेपासून उपाशी होत्या, डोळ्याची गोळी खाल्ल्यावर घ्यायची असते ती राहिली होती. त्यांनी हळूच चष्मा काढला.

"राहू दे वं. ह्या साली नव्हतंच," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आणि मी त्यांच्या डोळ्यांतच पाणी आणलं होतं. वाटलं, आग लागो त्या बी.एस्सी.ला.

एवढ्यात आमचे हे बाजारातून आले. रिकामे क्रेट हातात, समोर माळ घातलेलं पॅनेल, हळदीनं माखलेली भिंत, रडणारी आई आणि मेनस्विचला चिकटलेली बायको.

"काय झालं?"

"भाऊ, सूर्य बंद पडला," शेजारच्या शेवंताबाईंनी शांतपणे सांगितलं.

"मेन कोनं पाडला?" म्हणत ह्यांनी मेनस्विचकडं हात नेला.

"हात नोका लावू!" पंचफुलाबाई ओरडल्या. "तिथं सरकारी हाय!"

मी मुन्नाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. हीसुद्धा चूकच.

"ताई, तू मेन बंद केलास?" तो हसायलाच लागला. "अगं, मग तो बंदच पडणार!"

"भर उन्हात?"

"भर उन्हातच! लाईन गेली की तो डबा आपणहून थांबतो. त्याला तसंच बनवलंय. नाहीतर घरातली वीज उलटी बाहेरच्या तारेत जाईल, आणि खांबावर कोणी लाईनमन काम करत असेल तर त्याला बसेल. पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय. वाचलंस ना?"

मी फोन बंद केला.

शेवंताबाई मागच्या रांगेतून उठल्या. त्यांचा गजू लाईनमन आहे. पावसापाण्यात कुठं तार तुटली की पक्कड घेऊन खांबावर चढतो, आणि तो घरी येईपर्यंत शेवंताबाई दारातच बसून असतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पॅनेलमागं गेल्या आणि त्या डब्याला त्यांनी बोट लावलं.

"हा माह्या गजूले ओयखते काय, मॅडम?"

"नाही मावशी. पण लाईन गेली म्हणजे कोणीतरी खांबावर असेल, असं धरून तो थांबतो."

शेवंताबाईंनी त्या डब्यावरून दोन्ही हात ओवाळले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पोटच्या पोराची दृष्ट काढावी तशी! वर एवढं ऊन पडलेलं, आणि हा वीतभर डबा कोणा अनोळखी माणसाच्या जिवासाठी हात आवरून बसलेला.

मग आत्याबाईंनी विचारलं, "म्हंजे सरकारी लाईनबिगर हा चालतच नाई?"

"नाही चालत, आत्याबाई. दोघं मिळूनच तापवत होते दूध. मी उगाच फुशारकी मारली."

"सरकारी लाईन कायच्यावर चालते?"

"आपल्याकडं बहुतेक कोळशावर."

"कोयसा कुठून येते?"

"जमिनीतून. फार पूर्वीची जंगलं गाडली गेली, त्यांचा झाला."

"अन् ते झाडं कायच्यावर वाढले?"

हा धडा दर वर्षी मी शिकवते. बाणांसकट!

"उन्हावर," मी म्हणाले.

"मंग?" आत्याबाईंनी चष्मा चढवला. "तोई त्याचाच न! एक जुना, एक नवा. येवढ्यासाठी मले रडवलं काय वं? कर चालू!"

"अन् मॅडम, गॅस?" पंचफुलाबाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"तोही शेवटी उन्हाचाच."

"गोवरी?"

"गाय गवत खाते, गवत उन्हावर वाढतं..."

"मंग हे दूधई?"

"हो, दूधही."

एकेक करून सगळ्यांनी कपाळावर हात आडवा धरून वर पाहिलं. रोजचाच सूर्य, रोज डोक्यावर पदर ओढून ज्याला शिव्या देतो तोच. पुन्हा काटा आला अंगावर. कोणीतरी म्हणालं, "बाई वं, सारंच त्यानं देल्लं, काईच बाकी नाई ठेवलं," आणि सगळ्यांनी हात जोडले.

ह्यांनी मेन वर केला. शेगडी लाल झाली. डब्यावरचा दिवा मात्र नुसता लुकलुकत राहिला.

"थांबा, घाई नोका करू," शेवंताबाई सगळ्यांना समजावत होत्या. "मानूस खांबावरून उतरला का नाई, ते पाहून राह्यला तो."

पाच मिनिटांनी आकडा उमटला. चाळीस. शंभर. दोनशेतीस! बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि दूध फुगून कडेला आलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आता हे सांडणार, आणि खाली गोवऱ्या नाहीत, उघडी विजेची तार आहे! मी नुसतीच "अहो! अहो!" करत राहिले. ह्यांनी धाव घेऊन शेगडीचा प्लग ओढला, आणि त्याच क्षणी दूध चर्रर्र करत उतू गेलं. उगवतीकडं!

"पूर्वेले गेलं! पूर्वेले गेलं!"

आत्याबाईंचा चेहरा काय सांगू तुम्हाला! चष्म्याखालून हसू कानापर्यंत गेलं होतं. त्यांनी तांब्याभर पाणी पिऊन घेतलं, मग नैवेद्याच्या खिरीचा पहिला घास माझ्या तोंडात घातला.

"चुकलंच माझं, आत्याबाई."

"चुकलं तं चुकलं. तू बंद नसता केला, तं येवढं समजलं असतं काय कोनाले?" मग सगळ्यांकडं वळून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "पुढच्या सालीई याच्यावरच! डोये बरे झाले तरी! फकस्त हिले मेनस्विचपाशी जाऊ देऊ नका!"

यंदा आत्याबाईंचे डोळे ठणठणीत आहेत. डॉक्टरनं चुलीची परवानगी दिली, तरी दूध पॅनेलसमोरच ठेवलं. बायका तीस आल्या. मेनस्विचखाली शेवंताबाई स्टूल टाकून बसल्या होत्या. दिशेचं खातं पंचफुलाबाईंकडं, आणि प्लग ओढायला आमचे हे. पाटावर सातही घोडे.

"आत्याबाई, माझ्याकडं काय काम?" मी विचारलं.

त्यांनी बराच विचार केला. "तू शिकलेली हायस. दूध उतू गेलं का 'गेलं!' म्हन. म्हंजे हा प्लग काढन."

गंजावर डोळे लावून बसले मी. अख्खी पदवी पणाला लावली. आणि काम चोख केलं. फक्त दूध जायच्या जरासं आधी ओरडले, ह्यांनी प्लग ओढला, आणि कडेला आलेलं दूध पुन्हा खाली बसलं.